देणगी की देणं?

दुसरा बाजीराव जानेवारी 1851 मध्ये ब्रह्मावर्तात वारला आणि कंपनी सरकारच्या वहीतला वर्षाकाठी 8 लाख रुपयांचा एक खर्च बंद झाला. 1818 च्या जूनमध्ये जॉन माल्कमच्या स्वाधीन होताना त्याने पुण्याची गादी सोडली, तिच्या बदल्यात ठरलेली ही नेमणूक. ती त्याने जवळपास तेहेतीस वर्षं घेतली. ती पुढे चालू राहावी म्हणून दत्तकपुत्र नानासाहेबाने अर्ज केला आणि डलहौसीने तो फेटाळला. नकाराची कारणं वाचण्यासारखी आहेत. एक तर नेमणूक बाजीरावाच्या हयातीपुरती होती, तिला वारस नाही. दुसरं असं की इतक्या वर्षांत अडीच कोटींहून जास्त रुपये या माणसाच्या हाती पडले, ना त्याला फौज पोसायची होती ना राज्य चालवायचं होतं, आणि मागे 28 लाखांची मालमत्ता ठेवून तो गेला आहे, तर राहिलेल्यांनी त्यावर भागवावं. या दुसऱ्या कारणाला नानासाहेबाने लंडनला धाडलेल्या अर्जात दिलेलं उत्तर फारसं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही, कारण 1857 ने पुढे बाकी सगळं झाकून टाकलं. सरकार आपल्या निवृत्त नोकरांना कधी विचारतं का, की पेन्शनीतलं खाल्लं किती आणि शिल्लक किती टाकलं? कोणी काटकसरीने चार पैसे बाजूला ठेवले असं निघालं, तर तेवढ्यावरून त्याच्या मुलाबाळांचं येणं बुडवायचं का? असा त्या अर्जाचा रोख होता. अझीमुल्ला खान तो कज्जा घेऊन 1853 मध्ये इंग्लंडला गेला आणि रिकाम्या हाताने परतला.

बाजीरावाबद्दल कळवळा वाटावा असं त्याच्या कारकिर्दीत फार काही नाही, आणि ते 8 लाखही शेवटी रयतेच्या साऱ्यातूनच जात होते. पण त्या नकारातले दोन मुद्दे त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त जगले. पेन्शन ही देणाऱ्याची मेहरबानी असते, आणि घेणाऱ्याने वेळीच साठवायला हवं होतं: गिरणीतला बदली कामगार, धान्यबाजारातला हमाल, 2005 नंतर नेमलेला शिक्षक, प्रत्येकाला फिरून फिरून हीच दोन उत्तरं मिळाली. गेल्या दोनशे वर्षांचा आपल्याकडचा इतिहास चाळला तर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जी पेन्शन देणं म्हणून मान्य झाली तीच टिकली, आणि काम कोणी घेतलं त्याचं नाव ज्या वहीत सापडलं त्याच वहीत हे देणं चढलं. ज्यांच्या बाबतीत असं नाव सापडत नव्हतं, त्यांच्या वाट्याला बचतीचा उपदेश आला.

मराठी राज्यात म्हातारपणाची किंवा मागे राहिलेल्यांची सोय अजिबात नव्हती असं नाही. लढाईत पडलेल्या शिपायाच्या पोरक्या घरासाठी बालपरवेशी होती, विद्वानांना नि देवस्थानांना वर्षासनं होती, आणि गावगाड्यात वतन होतं. वतनाची गंमत अशी की ते माणसाला नसून घराण्याला असे. बाप थकला की मुलगा काम करी, बलुतं घरात येतच राही आणि त्यात म्हाताऱ्याचा घास असे. म्हणजे चाकरी ज्या गावाने घेतली त्याच गावाने चाकराचं म्हातारपण सांभाळलं. हे सुवर्णयुग म्हणून सांगत नाही. महारवतनात हाच घास पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठीची साखळी होता, म्हणून तर डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्या वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, आणि कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं 1958 च्या कायद्यापर्यंत सुटली नाहीत. सोय आणि बेडी एकाच खिळ्याला टांगलेली असू शकतात, हे पेन्शनीच्या चर्चेत विसरलं जातं. पुढे नोकरी सोडायची इच्छा असूनही फंड-पेन्शनीपायी चिकटून राहिलेल्यांना ते वेगळं सांगावं लागणार नाही.

एल्फिन्स्टनने 11 फेब्रुवारी 1818 च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतनं, इनामं, वर्षासनं सांभाळण्याचा शब्द दिला. पण राज्य स्थिरावल्यावर कागद मागणं सुरू झालं. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि ज्यांच्याकडे सनद नव्हती किंवा वाळवीने खाल्ली होती त्यांची इनामं गेली. मग 1871 चा पेन्शन कायदा आला. त्यातलं एक कलम चांगलं होतं: पेन्शनीवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही. पण खरी मेख दुसरीकडे होती. सरकारने दिलेल्या नेमणुकीबद्दल दिवाणी कोर्टात दाद मागायची तर आधी कलेक्टरचा दाखला आणायचा. ज्याच्याकडून येणं आहे त्याच्याच कचेरीतून फिर्यादीची परवानगी! देण्याचं देणगीत रूपांतर करायची यापेक्षा सोपी रीत नसेल. सरकारी नोकरांच्या नियमांतही हीच समजूत मुरली. निवृत्तीनंतरचं चांगलं वर्तन ही पेन्शनीची गर्भित अट मानली गेली, आणि ती अट 1982 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांतही जशीच्या तशी आहे. राबून झालेल्या माणसाने साठीनंतरही धन्यापुढे नीट वागायचं.

तरीही मेहरबानी म्हणून सुरू झालेल्या या पेन्शनीने मराठी मध्यमवर्गाचं आयुष्य बदललं. मामलेदार कचेरीतले कारकून, शाळाखात्यातले मास्तर, टपालखात्यातले बाबू ठरल्या वयाला ‘पेन्शनीत निघू’ लागले, पुण्याला पेन्शनरांचं गाव ही ओळख चिकटली, आणि स्थळ बघताना ‘पेन्शनीची नोकरी’ हा हुंड्याच्या बोलण्यातला भक्कम मुद्दा झाला. ज्यांच्या नशिबी ती नव्हती त्यांच्यासाठी 1882 मध्ये टपालखात्याची बचत बँक उघडली. सरकारच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची होती. आपल्या मस्टरवरच्या माणसाला पेन्शन आणि बाकीच्यांना पासबुक.

बाकीच्यांत सगळ्यात मोठा घोळका मुंबईत जमत होता. 1850 च्या दशकात ताडदेवला कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नाससाठ वर्षांत परळ-लालबाग-वरळीचं गिरणगाव झालं. रत्नागिरी जिल्ह्यातून, साताऱ्या-पुण्याकडच्या घाटावरून तरुण माणूस आला, गाळ्यात दहा-पंधराजणांबरोबर राहिला, खानावळीत जेवला, मनीऑर्डर गावी पाठवत राहिला, आणि छातीत कापसाची तूस भरून खोकला लागला की परत गावी गेला. त्याच्या म्हातारपणाला पेन्शन दिली कोणी? कोकणातल्या भाताच्या खाचराने, आणि ते खाचर मुंबईच्या पैशाची वाट बघत एकटीने लावणाऱ्या बायकोने. गिरणीच्या ताळेबंदात हा खर्च कुठेच दिसत नाही. मजूर स्वस्त पडत होता तो यामुळे, की त्याचं बालपण आणि म्हातारपण दोन्ही गावाच्या खाती होतं आणि गिरणीच्या खाती फक्त मधली पंचवीस-तीस वर्षं होती. खेड्यातल्या कुटुंबव्यवस्थेचं कौतुक करताना, तिथे म्हाताऱ्यांना पोसलं जातं असं म्हणताना, या पोसण्याचा मलिदा कोणी खाल्ला तेही विचारायला हवं.

त्यातही बदली कामगार हा वेगळाच प्रकार. पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, कोणी कायम कामगार गैरहजर असला तर जॉबर आत घेईल, नाहीतर घरी. 1935 पासून मिलमालकांच्या संघटनेने बदली नियंत्रण योजना आणली आणि पास देऊन हा घोळका वहीत घेतला. पण पास मिळाला म्हणून सेवा सलग होत नव्हती, आणि ज्याची सेवा सलग नाही त्याचं येणं मोजायचं कसं, हा प्रश्न त्याच्या गळ्यात आयुष्यभर राहिला. तोच माणूस, तेच साचे, तेच बारा-पंधरा वर्षांचं राबणं. मस्टरवरची ओळ तेवढी तुटक.

या मस्टरलाच धरून स्वतंत्र भारताने म्हातारपणाचा पहिला मोठा कायदा केला. नोव्हेंबर 1951 मध्ये वटहुकूम निघाला आणि 1952 मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, लोखंड-पोलाद, कागद, कापड आणि अभियांत्रिकी असे सहाच उद्योग, आणि तेही 50 किंवा अधिक कामगारांचे कारखाने. वर्गणी सव्वासहा टक्के. हा आकडा आज विचित्र वाटतो, पण आण्यांच्या काळात तो अगदी साधा होता: रुपयामागे एक आणा कामगाराचा, एक आणा मालकाचा. पुढे दर 8.33 टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांतला एक. आता तो 12 आहे. चाळीतल्या भाषेत याला नुसतं ‘फंड’ म्हणतात, आणि फंडाचं शहाणपण त्या एका आण्यात आहे. मालकाचा आणा ही बक्षिसी नव्हती. तो मजुरीचाच भाग, फक्त हातात न देता राखून ठेवलेला. 1972 च्या कायद्याने ग्रॅच्युइटीलाही तेच वळण दिलं. पाच वर्षं भरली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, मालकाची मर्जी असो वा नसो.

फंडातली खोट अशी की तो एकरकमी मिळतो. हाती आलेल्या रकमेतून गावच्या घरावर कौलांऐवजी पत्रा पडतो, धाकटीचं लग्न होतं, कोणाचा तरी दवाखाना होतो आणि दोन-तीन वर्षांत उरतं ते पासबुक. पेन्शनीचा गुण दर महिन्याला येण्यात आहे, कारण आपण किती जगणार हे कोणालाच ठाऊक नसतं आणि एकट्या माणसाला त्या अज्ञातासाठी साठवणं फार महाग पडतं. हे उमगून 1971 मध्ये कुटुंब पेन्शन आणि 1995 मध्ये कर्मचारी पेन्शन योजना आली. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के तिकडे वळवले आणि सरकारने 1.16 टक्क्यांची भर घातली. पण हिशेबाला धरायच्या पगारावर मर्यादा ठेवली, ती 2014 मध्ये 15,000 झाली, आणि किमान पेन्शन त्याच वर्षी 1,000 रुपये ठरली. आज 1,000 रुपयांत गॅसची टाकी आणली की महिन्याच्या दुधाची चिंता. ही योजना तुटपुंजी आहे यात वाद नाही, मात्र ती तुटपुंजी असण्याचं कारण तत्त्वात सापडणार नाही. ते वर्गणीच्या आकड्यात आहे.

या सगळ्या इमारतीचा पाया एकच होता: एका कामगाराला एक मालक, आणि त्या मालकाला एक फाटक. मशीद बंदरच्या दाणाबाजारात असं फाटकच नव्हतं. सातारा, जुन्नर, आंबेगावकडचे गडी तिथे टोळीने काम करत. डोक्यावर चुंबळ, हातात आकडा, पाठीवर शंभर किलोची गोणी, ट्रकवरून उतरवून गोदामात थप्पी लावायची. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसरीवर, संध्याकाळी धक्क्यावर. मजुरी नगावर. व्यापारी म्हणत, हे आमचे नोकर नाहीत, मुकादमाला विचारा. मुकादम कसला मालक, तोही गोणी उचलणाराच. म्हणजे काम सगळ्यांनी घेतलं आणि मालक कोणीच नाही. बाजारातल्या दिवाणजीला निदान दिवाळीची पोस्त मिळे, पेढीशी नातं असे. हमालाला दुकानाच्या दारात उभं राहायचाही हक्क नव्हता.

अण्णासाहेब पाटलांनी ही टोळ्यांची माणसं संघटित केली आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. त्यातून आलेला 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा हा माझ्या मते पेन्शनीच्या भारतीय इतिहासातला सगळ्यात कल्पक कागद आहे, आणि त्याची दखल सगळ्यात कमी घेतली गेली आहे. गोदी कामगारांसाठी 1948 मध्ये जो कायदा झाला होता त्यातली मंडळाची कल्पना इथे बाजारात आणली. मालक कोण हा प्रश्न कायद्याने सोडवलाच नाही, तो बाजूला सारला. टोळी मंडळाकडे नोंदवायची, व्यापाऱ्यानेही मंडळाकडे नाव घालायचं. कामाची मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरायची. मजुरी हमालाला मिळे, लेव्हीतून त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, दवाखाना. मंडळावर सरकार, व्यापारी, कामगार तिघेही. टोळी दिवसाला पाच पेढ्यांवर गेली तर पाचही पेढ्यांनी आपापल्या गोणीपुरतं तिचं म्हातारपण भरायचं. चाकरी ज्याने घेतली त्याने सांभाळायचं, हे वतनातलं तत्त्व वतनाच्या बेडीशिवाय इथे परत आलं. टोळीतल्या माणसाला पेढी बदलता येते, फंड त्याच्याबरोबर चालतो.

यावर सगळ्यात सबळ आक्षेप व्यापाऱ्याचा नाही, शेतकऱ्याचा आहे. बाजार समितीत माल विकून शेतकरी पट्टी हातात घेतो तेव्हा त्या कागदावर एकूण रकमेखाली हमाली, तोलाई, वाराई अशा वजावटीच्या ओळी असतात. हमालाच्या म्हातारपणाचं ओझं व्यापाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं असं आपण म्हणतो, पण ते घसरून उत्पादकाच्या पट्टीत जाऊन पडतं, ही तक्रार खोटी नाही. एप्रिल 2024 मध्ये नाशिक जिल्ह्यात याच हमाली-तोलाई-लेव्हीच्या वादावरून कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद होते, आणि नुकसान झालं ते साठवलेला कांदा घेऊन बसलेल्याचं. पण ही तक्रार नक्की कशाविरुद्ध आहे ते पाहावं. साबण-पेस्ट बनवणारी कंपनी आपल्या कामगाराच्या फंडाचे 12 टक्के भरते आणि ते वडीच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल करते. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही, कारण ओझं विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकतं. कांद्यात ते उलट्या दिशेने सरकतं, कारण लिलावात शेतकरी दुबळा आहे. म्हणून वजावट पट्टीतून काढून खरेदीदाराच्या बिलात घालणं हा त्यावरचा उपाय होतो. लेव्हीच रद्द केली तर हमालाचं म्हातारपण पुन्हा जुन्नरच्या बायकोच्या अंगावर जाईल आणि शेतकऱ्याला भाव काही वाढून मिळणार नाही. दुसरा आक्षेप बोगस माथाडींचा. काम न करता गाड्या अडवून पैसे मागणाऱ्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेवर उभ्या राहिल्या, हे खुद्द माथाडी संघटनांनीही नाकारलेलं नाही. वहीत खोटी नावं घुसली तर वही तपासायची असते. तिसरी उणीव मला जास्त खुपते. या कायद्याचा भर फंडावर आणि ग्रॅच्युइटीवर राहिला, म्हणजे गिरणीच्या फंडातली एकरकमी खोट इथेही आली.

1982 हे साल या गोष्टीत योगायोगाने फार गर्दीचं आहे. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांचं मस्टरच संपलं. मार्चमध्ये अण्णासाहेब पाटील गेले. आणि 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. 31 मार्च 1979 नंतर निवृत्त झालेल्यांना सुधारलेली पेन्शन आणि आधीच्यांना जुनी, हा भेद घटनाबाह्य ठरला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या पीठातून न्यायमूर्ती डी. ए. देसाईंनी लिहिलेल्या त्या निकालात पेन्शन ही धन्याच्या मर्जीवरची मेहरबानी नाही, झालेल्या सेवेचं ते येणं आहे, असं स्वच्छ म्हटलं आहे. नानासाहेबाच्या अर्जाला उत्तर यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, आणि तेही ज्यांच्या मस्टरवर सरकारचा शिक्का आहे त्यांच्यापुरतंच. पेन्शनर संघटना 17 डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो याच निकालामुळे.

मग 1 जानेवारी 2004 पासून केंद्राने आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्राने नव्याने नेमणूक होणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. आता कर्मचाऱ्याचे 10 टक्के, सरकारचा वाटा, दोन्ही बाजारात गुंतवायचं आणि शेवटी जे होईल ते. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा शहरी मध्यमवर्गातून एकच सूर निघाला: आमच्या करातून यांना का? हा सूर नुसता मत्सराचा म्हणून झटकता येत नाही. माझंच तत्त्व काटेकोर लावलं तर जुनी पेन्शनही त्यात अडकते. काम ज्याने घेतलं त्याने द्यायचं असेल, तर 1980 मध्ये शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांची पेन्शन 1980 च्या करदात्यांनी बाजूला काढायला हवी होती. ती कोणी काढली नाही. धडे त्यांनी घेतले आणि हप्ता नातवंडांच्या नावावर टाकला. जुन्या पेन्शनीतला दोष हा आहे. तिची रक्कम मोठी असण्याला मी दोष म्हणत नाही. आणि नव्या योजनेतला दोष याच्या उलटा. तिथे पैसा बाजूला निघतो, पण बाजार पडला, माणूस जास्त जगला, तर तो धोका एकट्या कर्मचाऱ्याचा. देणं वहीत आहे, पण किती ते कोणीच सांगत नाही. एप्रिल 2025 पासूनच्या एकीकृत योजनेत केंद्राने 18.5 टक्के आपले घातले आणि पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी दिली. हमीही आणि आजच्या आज बाजूला काढलेला पैसाही, हे दोन्ही एकत्र आलं की नातवंडांची तक्रार बरीचशी उरत नाही. मध्यमवर्गाचा राग खरा असला तरी त्याने चुकीचं दार ठोठावलं. शिक्षकाला पेन्शन आहे हा अन्याय नव्हता. वर्गाबाहेर शिपाई म्हणून कंत्राटावर उभ्या असलेल्याला ती नाही, हा होता.

राहिला डलहौसीचा मुद्दा: स्वतः साठवा. ज्याची आवक महिन्याकाठी ठरलेली आहे त्याला हा सल्ला द्यावा, तो चांगलाच आहे. नगावर मजुरी घेणाऱ्याच्या घरात पावसाळ्याचे चार महिने जुन्या शिलकीवर निघतात, म्हणजे तो साठवतोच, फक्त त्याची मुदत चार महिन्यांची असते. आणि मुलं? त्यांना म्हातारपणाची काठी म्हणायची आपली रीत आहे, पण कंत्राटावर बारा-पंधरा हजारांत राबणारी काठी स्वतःच वाकलेली. सरकारने हे जाणून निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना काढली. नाव ठेवणाऱ्याने मूळ गोष्ट आठवून ठेवलं असेल असं वाटत नाही, कारण तिच्यात श्रावण म्हाताऱ्यांच्या आधी मरतो. महिन्याचे 600, मग 1,000, आणि 2023 पासून 1,500. वार्षिक उत्पन्नाची अट कित्येक वर्षं 21,000 होती, म्हणजे त्याहून थोडं जास्त मिळवणाराही पात्र नाही. करातून द्यायच्या पेन्शनीला माझा विरोध नाही. शेतकऱ्याचं आणि जन्मभर घरात राबलेल्या बाईचं काम नक्की कोणी घेतलं याचा हिशेब पट्टीवर मांडता येत नाही, ते सगळ्यांनी घेतलं, म्हणून सगळ्यांनी द्यायचं. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी 2012 च्या सुमारास पेन्शन परिषदेमार्फत किमान वेतनाच्या निम्मी सार्वत्रिक पेन्शन मागितली ती याच आधारावर. पण जिथे काम घेणारा समोर उभा आहे तिथेही करदात्याकडे बोट दाखवणं ही पळवाट आहे.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरपोच जेवण नि टॅक्सी पुरवणाऱ्या मोबाइलवरच्या कंपन्यांनी उलाढालीचे 1 ते 2 टक्के कामगारांसाठी भरावेत अशी तरतूद आहे, ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. कागदावर ही माथाडी लेव्हीच आहे, फक्त गोणीऐवजी मागणीवर लावलेली. मात्र याच न्यायाने जिथे सगळ्यात आधी जायला हवं होतं तिथे आपण अजून गेलेलो नाही. सकाळी पाच घरी धुणं-भांडी करणारी मोलकरीण आणि दिवसाला पाच पेढ्यांवर जाणारी टोळी यांत फरक काय? महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण घरमालकांकडून सक्तीची लेव्ही त्यात आली नाही. त्या पाच घरांपैकी एखादं घर पेन्शनरांच्या पुण्यात असतं. आत हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत जायची तयारी चाललेली असते, कागदांच्या पिशवीत आधार कार्ड आणि पासबुक टाकून झालेलं असतं, आणि ओट्यापाशी वीस वर्षं त्याच घरी येणारी बाई भांडी घासत असते. दिवाळीला तिला एक साडी आणि वर पाचशेची नोट मिळते. घरातली माणसं त्याला पोस्त म्हणतात.